सिस्टरांचा जपानी पेशंट

नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच सिस्टर समोरच्याचं मनगट धरायच्या. "तोंड बंद. हात इकडं." मग स्वतःच्या घड्याळाकडे बघत, ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत नाडी मोजायच्या. तुम्ही खांद्यावर गॅसची टाकी घेऊन उभे असा, नाहीतर माझ्यासारखे शाळेला उशीर झाला म्हणून स्कूटरला किक मारत असा, सुटका नाही. मोजून झालं की हात सोडून म्हणायच्या, "चालतंय. जा आता." आपलं चालतंय हे असं कुणीतरी अधिकाराने सांगितलं की दिवस बरा जातो, हा केडगावच्या आमच्या गल्लीचा अनुभव आहे. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमच्या तब्येतीचं काही खरं नाही.

सिस्टर एका मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. मूळच्या नेवाशाकडच्या. अंगाने बुटक्या, चाल झपाझप, आवाज असा की पुणे रोडवरच्या ट्रकचा हॉर्नसुद्धा संकोचावा. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर वॉर्ड हातचा गेला, तेव्हा त्यांनी आमच्या गल्लीचाच वॉर्ड करून टाकला. आम्ही कधी अ‍ॅडमिट झालो ते आमचं आम्हालाही कळलं नाही.

समोरच्या घरात तात्या राहतात. पारनेरकडे त्यांची कांद्याची शेती आहे आणि रक्तात साखर आहे. एका लग्नाच्या पंगतीत तात्यांनी चोरून जिलबी उचलली, तर पलीकडच्या रांगेतून आवाज आला, "तात्या, ठेवा ती पानात." तात्यांनी तर ठेवलीच, पण जिलबी वाढणाऱ्या पोराने घाबरून हातातलं अख्खं ताटच खाली ठेवलं.

सिस्टरांचा एक नियम मात्र मला मनापासून आवडायचा. पेशंटच्या नातेवाइकांना खरं सांगायचं. "गोड बोलायचं काम मोठ्या डॉक्टरांचं," त्या म्हणायच्या, "पण रात्रभर बाकड्यावर बसलेल्या मानसाला खरं सांगायचं काम नर्सचं." माझे वडील आजारी होते तेव्हा सिस्टरांनी मला असंच सरळ सांगितलं होतं, दिवस थोडे आहेत. त्या वेळी राग आला होता. आज वाटतं, त्यांच्यामुळे वडिलांजवळ बसायला मला वेळ मिळाला.

सिस्टरांच्या वरच्या मजल्यावर एक जपानी इंजिनिअर भाड्याने राहायला आला. सुप्याच्या एमआयडीसीत त्याची नोकरी होती. गल्लीने त्याचं नाव जपानीसाहेब ठेवलं. सडपातळ, अबोल माणूस. जिन्यात चपला अशा लावायचा की त्यांना पाय लावायला आम्हाला भीती वाटावी. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी त्याची नाडी बघितली, तो तिथल्या तिथे कमरेत वाकला आणि दोघांचं जमलं. महिन्याभरात तो ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढत "छान, छान" म्हणायला शिकला होता.

हा साहेब एकदा सुटीत हिमाचलात गेला आणि येताना तिथल्या नर्सरीतून जपानी मेपलचं झाड घेऊन आला. सगळा प्रवास कुंडी मांडीवर. कमरेइतकं उंच, नाजूक फांद्यांचं, आणि पानं तान्ह्या बाळाच्या पंजासारखी, पण लाल. त्याच्या आईच्या दारात असंच एक झाड आहे, असं त्याने मला सांगितलं. वरच्या उत्तरेकडच्या गॅलरीत, कोपऱ्यातल्या सावलीत त्याने ते ठेवलं होतं. संध्याकाळी कारखान्यातून आला की आधी त्याच्याजवळ बसायचा, मग बूट काढायचा.

उन्हाळा सुरू झाला आणि त्याला फोन आला. आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तो तातडीने निघाला. जाताना झाड सिस्टरांच्या हवाली केलं आणि खुणांनी, मोडक्या इंग्रजीत सांगितलं की थोडं पाणी, सावली, बाकी काही नाही. सिस्टर म्हणाल्या, "तू जा बाळा. आईकडं बघ. हा पेशंट माझा."

इथे चूक झाली, आणि ती चूक एखादी नर्सच करू शकते.

रोज वर जाऊन पाणी घालताना सिस्टरांच्या डोळ्यांत ती कुंडी खुपू लागली. तिच्या तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावत होती. "केवढं झाड आन् केवढी कुंडी! दोन पेशंट एका खाटंवर झोपवल्यावानी चाललंय हे." साहेब परत येईल तेव्हा त्याला झाड मोकळ्या जमिनीत ऐसपैस दिसावं, असं त्यांनी ठरवलं. मुहूर्त ईस्टरचा. चर्चमधून आल्या, पदर खोचला आणि कुंडी खाली आणली. कुंडीतून झाड काढल्यावर त्यांना मुळांना चिकटलेली जुनी माती दिसली. हजारो बाळंतपणं केलेली बाई ती. नुकतं जन्मलेलं बाळ पुसल्या-धुतल्याशिवाय आईच्या हातात द्यायचं नसतं, एवढंच तिला माहीत. त्यांनी नळी लावली आणि मुळं पांढरी होईपर्यंत त्या झाडाला अंघोळ घातली. मग फाटकाशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा मानाच्या जागी, आमच्या चिकट काळ्या मातीत लावून टाकलं. तिथे दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याच्या आत पानांच्या कडा करपल्या, मग पानं मुडपली, मग एकेक गळू लागली.

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की भेटायला जायची रीत आहे, आणि रिकाम्या हाताने जायची नाही. झाडाला बिस्किटाचा पुडा देता येत नाही, म्हणून लोकांनी पाणी दिलं. माझी बायको तांदूळ धुतलेलं पाणी घालून आली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सकाळी दुकान उघडताना एक बाटली ओतायचा. तात्यांनी मूठभर युरिया टाकला. प्रत्येकाला वाटत होतं की पाणी घालणारा आपण एकटाच. सिस्टर स्वतः सकाळ-संध्याकाळ बादली घालतच होत्या. एके दिवशी त्यांनी मातीत बोट घातलं, वास घेतला आणि भर गल्लीत उभ्या राहून विचारलं, "ह्याला अजून कोन कोन पाजतंय?"

एकेक हात वर होत गेला. शेवटी हात वर न केलेले फक्त शेजारचे अंथरुणाला खिळलेले आजोबाच उरले.

"आन् खत कुनी घातलं?"

"थोडंसंच घातलं, सिस्टर," तात्या म्हणाले. "कांद्याला घालतो तेवढंच."

"तुमाला जुलाब व्हत असताना मी पुरनपोळी चारली हुती का, तात्या?"

हे चालू असतानाच साहेबाचा माझ्या मोबाईलवर मेसेज आला. मी इंग्रजी शिकवतो, म्हणून गल्लीचं परराष्ट्र खातं माझ्याकडे. आईचं ऑपरेशन झालं, पण ती उठायला घाबरते, असं त्याने लिहिलं होतं. ती सारखं झाडाबद्दल विचारते, एक फोटो पाठवाल का?

सिस्टरांनी फाटकाशेजारच्या करपलेल्या झाडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सर, तुमच्याकडं जुना फोटू असंल ना? लाल पानांचा. तो द्या लावून." मी दिला. साहेबाचं उत्तर लगेच आलं. आईने फोटो मोठा करून बघितला, म्हणाली की पोराचं झाड माझ्या झाडापेक्षा चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आमच्या दारात आल्या. माझी नाडी बघितली नाही, त्यावरूनच मला कळलं. डोळे सुजलेले होते.

"आपन खोटं बोललो, सर. ती बाई खाटंवर पडून खोटा फोटू बघतीय. माझ्या अख्ख्या नोकरीत मी असं केलं न्हाई. चला, खरा फोटू काढा. आन् मी सांगते ते लिवा. ह्या बाईनं मुळं धुतली, उन्हात लावलं, चूक तिची हाय. झाडाची न्हाई, गल्लीची न्हाई."

मी लिहिलं. फोटो पाठवला. पानं जवळजवळ गळून गेलेली एक काडी आणि तिच्यामागे फाटक. दोन दिवस उत्तर आलं नाही. त्या दोन दिवसांत सिस्टर कुणावर ओरडल्या नाहीत आणि गल्लीला चैन पडेना.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर साहेब नव्हता. उशांना टेकून बसलेली, पांढऱ्या केसांची, बारीक डोळ्यांची एक बाई होती आणि ती रागावलेली होती, हे कळायला भाषा लागत नव्हती. साहेब बाजूने इंग्रजीत सांगत होता, मी मराठीत.

"आई विचारते, मुळं खरंच नळीने धुतली?"

"व्हय."

"आई म्हणते, मुळांभोवतीची माती हे त्याचं पांघरूण होतं. पांघरूण काढून तुम्ही त्याला उन्हात उभं केलं."

सिस्टर हात मागे बांधून ताठ उभ्या होत्या. नवी शिकाऊ नर्स मेट्रनसमोर उभी राहते, तशा. "येस, सिस्टर," त्या म्हणाल्या. समोरच्या बाईला सिस्टर म्हणताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग जपानच्या आजींनी उपचार सांगितले. दुपारच्या उन्हाला आणि वाऱ्याला आडोसा करा. खायला काही घालू नका. पाणी साचतंय, ते निघून जायला बाजूने चर काढा. बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी, आणि मग पोटभर. भोवती पेंढा पसरा, पण तो बुंध्याला चिकटू देऊ नका. पुन्हा उपटू नका, छाटू नका. उरलेली पानं गळली तर गळू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्याला हात लावू नका.

"म्हंजे मी करायचं काय?" सिस्टर कळवळून म्हणाल्या.

मी ते पोचवलं. तिकडून एकच शब्द आला. साहेब म्हणाला, "आई म्हणते, वाट बघा."

सिस्टरांनी मान डोलावली. पण एवढा वेळ त्यांची नजर पडद्यावर दुसरंच काही बघत होती. "सर, त्यांना इचारा, ऑपरेशन झाल्यापासून त्या उभ्या किती वेळा राहिल्या?" साहेबाने मान खाली घातली. एकदाही नाही. आई वॉकरकडे बघतसुद्धा नाही, म्हणते, पुन्हा पडेन.

आणि आमच्या सिस्टर परत सिस्टर झाल्या. "उठवा त्यांना! खुब्याच्या पेशंटला लोळवून ठिवत्यात व्हय? पाठीला जखमा व्हतील, छातीत कफ भरंल. त्यांना सांगा, मी ह्या झाडाला हात लावनार न्हाई. मला लई अवघड हाय ते, तरी करीन. पन तुमी रोज चालायचं. कबूल?"

साहेबाने सांगितलं. आजींनी सिस्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी होकाराची मान हलवली.

दोन हट्टी बायकांचा हा करार असा ठरला. एकीने काहीच करायचं नाही, दुसरीने काहीतरी करायचं, आणि दोघींनाही ते जड जाणार होतं.

तात्यांनी शेतातून कांद्याच्या रोपांवरची हिरवी जाळी आणली आणि उसाचं पाचटही कुठूनसं पैदा केलं. इस्त्रीवाल्याने चर खणला. युरियाचं पाप धुवायला तात्यांनी स्वतः वरची माती खरवडून काढली. जाळीच्या आत झाड, बाहेर प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीवर सिस्टर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हात मोकळे ठेवले तर आपोआप काहीतरी करतील, अशी त्यांना भीती होती. कुणी भांडं घेऊन येताना दिसलं की आवाज यायचा, "पाजायचं न्हाई! लांबून बघा आन् घरी जा."

रोज सकाळी कॉल. इकडून आम्ही काडी दाखवायचो. तिकडून आजी वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत यायच्या, कपाळावर घाम, ओठ घट्ट. सिस्टर इथून ओरडायच्या, "टाच टेकवा! खाली बघू नका, पुढं बघा!" मी भाषांतर करायच्या आतच आजी टाच टेकवायच्या.

मे महिन्यात उरलेली पानंही गेली. नुसता सांगाडा राहिला. तात्या हळूच म्हणाले, "सिस्टर, गेलं ते. किती दिवस खुर्ची टाकून बसनार?"

"डॉक्टरनं सांगितल्याबिगर मी कुनाला गेलं म्हनत न्हाई," सिस्टर म्हणाल्या. पण तात्या गेल्यावर मला म्हणाल्या, "सर, मला झाडाचं एवढं न्हाई. झाड मेलं तर ती बाई बसंल खाली. मंग परत उठायची न्हाई. मी बघितल्यात अशा."

आणि तसंच झालं. एका सकाळी आजी खाटेवरून उठल्याच नाहीत. साहेब हताश होऊन म्हणाला, "आई म्हणते, झाड काही करत नाही, मग मी का करू?"

सिस्टर उसळल्या. "आतून करतंय ते! त्यांना इचारा, एकदा, फक्त एकदाच हात लावायची परवानगी द्या म्हनावं."

परवानगी मिळाली. सिस्टर जाळीत शिरल्या. हात धुऊन, कोरडे करून, इंजेक्शनआधी करतात तसं सगळं. एका बारीक फांदीची साल त्यांनी नखाने तीळभर खरवडली. मी मोबाईल जवळ नेला.

सालीखाली हिरवं होतं. ओलं, कोवळं हिरवं.

सिस्टर नुसतं बोटाने दाखवत राहिल्या आणि त्यांचे गाल भिजले. पडद्यावर आजींनी चष्मा चढवला, वाकून बघितलं, पोराला काहीतरी फटकारलं आणि वॉकर पुढे ओढला. त्या दिवशी त्या खिडकीशी न थांबता दारापर्यंत गेल्या.

जूनमध्ये आभाळ भरून यायला लागलं, उन्हाची धग उतरली, आणि एका सकाळी सगळ्यात खालच्या फांदीवर मसुराच्या डाळीएवढा लाल कोंब दिसला. सिस्टरांनी गल्लीला पेढे वाटले. तात्यांना अर्धाच दिला, तोही स्वतः पुढे उभं राहून खाऊ घातला.

साहेब गणपतीच्या सुमारास परत आला. तोवर झाड होतं त्याच्या निम्मं राहिलं होतं, वरच्या फांद्या वाळून गेल्या होत्या, पण खाली पानं होती. दोन-तीन मुठी असतील. तो फाटकातच थांबला. सिस्टर पुढे झाल्या आणि पाठ करून ठेवलेलं इंग्रजी वाक्य म्हणू लागल्या, चूक माझी वगैरे. त्याने ते पूर्ण होऊ दिलं नाही. म्हणाला, "माझी आई जिना चढते आता." मग वाकला. सिस्टरांना वाकायची सवय नाही. त्यांनी त्याला सरळ पोटाशी धरला.

त्यानंतर दोघी म्हाताऱ्यांना मी नको झालो. सिस्टरांनी मोबाईल शिकून घेतला आणि आठवड्यातून एकदा तरी त्या जाळीजवळ बसून आजींशी गप्पा मारायच्या. या मराठीत, त्या जपानीत. साहेबही नाही, भाषांतर नाही. या भाकरी थापून दाखवायच्या, त्या मुळ्याचं लोणचं दाखवायच्या. मध्येच दोघी एकदम हसायच्या. एकदा मी विचारलं, "सिस्टर, कशावर हसलात?" तर म्हणाल्या, "काय म्हाईत? पन लई मजेशीर बोलल्या त्या."

मागच्या हिवाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. कुणाला खुर्ची टाकून बसायला लावलं नाही, कुणाला धावपळ करू दिली नाही. चर्चच्या कब्रस्तानात सगळी गल्ली होती, हॉस्पिटलातल्या जुन्या नर्सा होत्या, त्यांनी नाळ कापलेली कितीतरी माणसं आपापली पोरं घेऊन आली होती. पेटीला खांदा द्यायला साहेब पुढे झाला. जाताना त्याने आपला फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, "आईला यायचं आहे."

पडद्यावर आजी होत्या. काळे कपडे, वॉकर नाही, काठी नाही, आपल्या दारात स्वतःच्या पायांवर उभ्या. मी फोन पेटीकडे वळवला. पाळक प्रार्थना म्हणत होते, आजी ऐकत होत्या. पेटी खाली उतरू लागली तेव्हा त्या कमरेतून वाकल्या. इतक्या खाली की पडद्यावर फक्त पांढऱ्या केसांतला भांग दिसत होता. आम्ही प्रत्येकाने मूठभर माती टाकली. रांग मोठी होती. फोन धरून माझा हात भरून आला, तात्या म्हणाले, सर, मी धरतो. मी दिला नाही. सगळ्यांची माती टाकून झाली, खड्डा भरला, फुलं ठेवून झाली. आजी अजून वाकलेल्याच होत्या.